पुस्तकात क्यूआर कोड आला, पालकांच्या हाती काय आले?

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राईझ मिळाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या. पाठ्यपुस्तकातील धड्याला क्यूआर कोड जोडायचा, मोबाईलने तो टिपला की कविता ऐकू यावी, धडा डोळ्यांनी पाहता यावा, ही त्यांची युक्ती. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड छापून आले. ही युक्ती एखाद्या महागड्या कॉन्व्हेंटमध्ये जन्माला आली नाही, ती गोरगरिबांच्या सरकारी शाळेत जन्माला आली. पटसंख्येचे निमित्त करून या शाळांना कुलूप लावायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण कोड छापला म्हणजे शिक्षण पोहोचले काय? कोड सरकार छापते. तो टिपणारा मोबाईल आणि त्यातला डेटा मात्र बापाच्या मजुरीतून येतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे उघडे पडले. त्याआधीच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शंभरपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक तर चारच घरांत. तरीही शाळा ऑनलाईन भरली! घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर कामावर गेलेला, आणि शिकणारी तीन भावंडे. अशा मुलांची त्या काळात हजेरी कोणी मांडली? १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सरकारला हेच सुनावले होते की, महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाचे.

आता घरोघरी मोबाईल आले, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांची २०२४ ची 'असर' पाहणी सांगते की, बहुतेकांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले सुमारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. स्वतःचा मोबाईल असण्यात मुली मुलांच्या मागेच. सावित्रीमाईंच्या लेकीला घरातल्या मोबाईलसाठी भावाच्या मागे रांग लावावी लागते. याचा जाब सरकारला नव्हे, आपण आपल्याच घरात विचारला पाहिजे.

कायदा काय म्हणतो? सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना ऑनलाईन शिक्षणासाठी उपकरणे व इंटरनेट पुरविण्याचा आदेश शाळांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली हे खरे. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने ही दरी मान्य करून सरकारला योजना आखण्यास सांगितले. म्हणजे मागणी भिकेची नाही, हक्काची आहे.

आणखी एक बाब आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते. शाळेचा व्हॉट्सॲप गट बहुतेक ठिकाणी एकतर्फी असतो. 'फोटो पाठवा', 'कागद जमा करा', एवढाच हुकूम! निरक्षर आईने तो वाचायचा कसा? गुरुजींनी तोच निरोप तिच्या बोलीत, आपल्या आवाजात पाठविला तर खर्च शून्य. मूल आज शाळेत आले की नाही, कोणत्या धड्यात अडले, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या कागदावाचून थांबला, हे तिला कळले पाहिजे आणि उलट विचारताही आले पाहिजे. २५ टक्के राखीव जागांच्या ऑनलाईन अर्जात घराची जागा नकाशावर दाखवावी लागते. तेथे खूण चुकली तर प्रवेशच धोक्यात येतो. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर मुलाचे भवितव्य सोडायचे काय? एवढी मदत शाळेच्या संगणकावर झाली पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. अनुदान कसे खर्च झाले, हे पाहण्याचा अधिकार समितीला आहे. अनेक ठिकाणी मात्र पालकांची सही घरी येऊन घेतली जाते आणि सभा कागदावरच होते.

वस्तीतील पालकांनी पुढच्या सभेला जावे. प्रोजेक्टर कधी आला, तो कोणत्या खोलीत कुलूपबंद आहे, किल्ली कुणाकडे, वीजबिल कुणी थकविले, हे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. त्या पानाचा फोटो त्याच दिवशी पालकांच्या गटावर टाकावा. उत्तर मिळालेच नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्याला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.