शौर्यदिन घरात साजरा करताना मुलांना काय सांगायचे?

१ जानेवारीला नंदुरबारहून पेरणे फाट्यावर पोहोचायचे तर ३१ डिसेंबरलाच निघावे लागते. सगळ्यांनी मिळून गाडी ठरवायची, धुळे-नाशिकमार्गे रात्र काढायची आणि सकाळी पुणे-नगर रस्त्यावरच्या गर्दीतून चालत विजयस्तंभ गाठायचा. तरुण पोरे जातात, त्यांनी जायलाच हवे. पण घरात लहान लेकरे, म्हातारी माणसे आणि वर रोजंदारी असलेल्यांना दरवर्षी जमत नाही. २०१८ च्या हिंसाचारानंतर तर आमच्या ओळखीतल्या अनेक आयांनी मुलांना तिकडे नेण्याचा विचारच सोडला. त्यामुळे आमच्याकडे शौर्यदिन हळूहळू घरात आला. पुठ्ठ्याचा स्तंभ, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, खीर आणि मोबाईलवर स्टेटस.

घरात आल्यामुळे एक गोष्ट मात्र बदलली. मैदानात भाषण असते, तिथे मुले ऐकून घेतात. घरात ती प्रश्न विचारतात.

आमच्याकडे पुठ्ठ्याला काळा कागद चिकटवण्याचे काम चालू होते. दहा वर्षांच्या एका मुलीने कात्री खाली ठेवून विचारले, "शिरीषकुमारला गोळी कोणी घातली?" आम्ही म्हणालो, इंग्रजांच्या पोलिसांनी. "मग आपले लोक इंग्रजांच्या बाजूने कसे?"

नंदुरबारच्या मुलाला हा प्रश्न पडणारच. पुण्या-मुंबईच्या मुलाला कदाचित पडणार नाही. इथे दर ९ सप्टेंबरला शाळा १९४२ च्या त्या मिरवणुकीची आठवण काढते. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार, त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. हातात तिरंगा आणि समोर बंदुका. त्या गोष्टीत इंग्रज गोळ्या घालणारे आहेत. चार महिन्यांनी घरात दुसरी गोष्ट सुरू होते आणि तिच्यात आपले पूर्वज त्याच इंग्रजांच्या कंपनीच्या पलटणीत उभे असतात. मुलगी दोन्ही गोष्टी मनापासून ऐकते, म्हणून ती अडते.

यावर मोठ्यांची ठरलेली उत्तरे आहेत. एक, "तू लहान आहेस." दोन, "ती लढाई इंग्रजांची नव्हतीच, आपली होती." तीन, पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार हा आकडा जोरात सांगायचा, म्हणजे प्रश्न दबून जातो. तिसरे उत्तर आम्हीही बरीच वर्षे दिले आहे.

पण खरे काय घडले ते सांगितले तर आपले काही कमी होते का? कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी कोरेगावला पोहोचली. सुमारे पाचशे पायदळ, तीनशेच्या आसपास घोडेस्वार, दोन तोफा. समोर दुसऱ्या बाजीरावाची अठ्ठावीस हजारांच्या घरातली फौज होती, पण ती सगळी चालून आली नाही. अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या तुकड्या गावात शिरल्या. पाचशेचे पाचशे महार नव्हते. स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत, त्यांतली २२ 'नाक' लावलेली म्हणजे महार सैनिकांची, बाकीच्यांत मराठे, राजपूत, मुसलमान आहेत. दिवसभर अन्न नाही, पाणी नाही, नदी समोर असून तिथपर्यंत जाता येत नाही. रात्री पेशव्यांच्या तुकड्या मागे हटल्या. पुढे जून महिन्यात बाजीराव माल्कमला शरण गेला तो आपल्या खानदेशाच्या हद्दीलगत, असीरगडाजवळ.

हे सांगितल्यावर मुलांना सगळ्यात जास्त काय भिडले? पाणी. नदी दिसते आणि प्यायला मिळत नाही, हे त्यांनी तीनदा विचारले. तिथून महाडला जायला वेळ लागत नाही. बाबासाहेब स्तंभाला मानवंदना द्यायला गेले ती तारीख १ जानेवारी १९२७, आणि चवदार तळे २० मार्च १९२७.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी जानेवारी २०१८ मध्ये लिहिले होते की कोरेगावची लढाई जातिमुक्तीसाठी लढली गेली हे मिथक आहे. समाजातून त्यांच्यावर खूप टीका झाली, आपल्यातल्या अनेकांनी केली. पुढे एल्गार परिषदेच्या प्रकरणात त्यांनाच १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले. ज्या घटनेच्या मिथकावर त्यांनी बोट ठेवले, तिच्याशी जोडलेल्या प्रकरणातच त्यांना तुरुंगात जावे लागले. हा विरोधाभास आपण कधी नीट बोललोच नाही. आमचे मत असे: सैनिक कंपनीच्या पगारासाठी लढले, यात तेलतुंबडे बरोबर आहेत. पण लढाईचा अर्थ लढणाऱ्याच्या हेतूवरच संपत नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता हे बाबासाहेबांनी 'जातिव्यवस्थेचे उच्चाटन'मध्ये नोंदवले आहे. त्या राज्यापुढे २२ माणसे बंदूक घेऊन ताठ उभी राहिली आणि त्यांची नावे दगडात कोरली गेली. गावात ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांची नावे. मुलाला एवढे पुरते. त्यासाठी आकडा फुगवावा लागत नाही.

मुलीचा प्रश्न तरी राहतोच. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच पुढच्या वाटचालीत आहे. ज्यांच्या जोरावर कंपनीने राज्य कमावले, त्याच महारांची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. स्तंभाच्या त्या भेटीनंतर चार वर्षेही झाली नव्हती, तेव्हा नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर हिशेब विचारला. तुमच्या आधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, तुम्ही मिळवून दिले का? पोलिसात घेत नव्हते, तुम्ही घेता का? म्हणजे इंग्रज आपले नव्हते. आम्ही मुलीला म्हणालो, आपले पूर्वज इंग्रजांचे नव्हते, त्यांना उभे राहायला जागा हवी होती, आणि ती त्या वेळी तिथेच मिळाली. तिला हे पूर्ण पटले असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. तिला अजून वेळ आहे.

एक गोष्ट आम्ही यंदा ठामपणे नाकारली. एका मुलाने प्लॅस्टिकची तलवार आणली होती, ती बाजूला ठेवायला लावली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला सिद्धार्थ कोलियांशी युद्ध करायला नकार देतो आणि त्यापायी घर सोडतो. बुद्धपौर्णिमेला ही गोष्ट सांगायची आणि शौर्यदिनाला हातात तलवार द्यायची, हे मुलाच्या डोक्यात कसे बसणार? शेजारच्या कुठल्या जातीचा मुलगा पेशवा होणार, हाही प्रश्न असतो. खेळात कुणालातरी व्हावेच लागते.

आणि आमच्या जिल्ह्यात आणखी एक जण त्या घरात बसलेला असतो. आमच्याकडे मुलीच्या वर्गातला एक भिल्ल मुलगा होता. कोरेगावनंतर कंपनी खानदेशात आली आणि पहिली कितीतरी वर्षे तिने भिल्लांना नमवण्यात घालवली. नमले नाहीत तेव्हा १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभी केली, आउट्रमच्या हाताखाली. आपल्या पूर्वजांना पगार देणाऱ्या कंपनीनेच त्याच्या पूर्वजांवर पगारी भिल्ल सोडले. मग १८५७-५८ ला सातपुड्यात खाज्या नाईक याच कंपनीविरुद्ध उठला. नंदुरबारमध्ये लोकसंख्येच्या दोन-तृतीयांशाहून अधिक आदिवासी आहेत. इथे शौर्यदिन साजरा करताना हे न बोलणे म्हणजे शेजाऱ्याला पाठ दाखवणे होय. आपल्या व्याख्यात्यांच्या भाषणांत हे अजून फारसे येत नाही.

४९ नावे लिहून झाल्यावर त्या मुलाने विचारले, खाज्या नाईकचे लिहू का? मोठ्यांत लगेच वाद झाला. काकांचे म्हणणे, स्तंभ कंपनीचा आहे, तिच्याशी लढलेल्याचे नाव त्यावर कसे, हा त्याचाच अपमान. आजीचे म्हणणे, पोराने विचारले तर लिहू द्या. वाद मिटला नाही. तेवढ्यात पोरांनी चपलांचा दुसरा खोका शोधून आणला, त्यालाही काळा कागद लावला आणि स्तंभाशेजारी त्याच स्टुलावर उभा केला. मेणबत्त्या कमी पडल्या, म्हणून वाण्याकडून आणखी एक पाकीट आणावे लागले.