संगणकाच्या दुरुस्तीविषयीं दोन शब्द

गेल्या पावसाळ्यांत चोरखमाऱ्याहून एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा आम्हांस निरोप आला. घरचा संगणक विंडोजचें अपडेट घेत असतां वीज गेली. तेव्हांपासून तो सुरू होई खरा, परंतु उघडलेले बहुतेक कार्यक्रम क्षणांत आपोआप मिटून जात. तालुक्याच्या गांवच्या एका दुकानदारानें पाहतांच निकाल दिला कीं, फॉरमॅट मारल्यावांचून गत्यंतर नाहीं. मुलाचीं दोन वर्षांचीं टिपणें, थोरलीच्या लग्नाचीं छायाचित्रें, शेताच्या कागदांच्या प्रती, सर्व कांहीं त्याच डिस्कवर होतें. होकार द्यावा काय, एवढेंच त्यांनीं विचारलें होतें. आम्ही "तूर्त देऊं नये" असें कळविलें, आणि तेंच मत येथें सर्व पालकांपुढें मांडीत आहों.

संगणक चालविणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, ती एक अखंड वस्तु नव्हे. हजारों लहानमोठ्या फाइलींचा तो संसार आहे. लिहिणें चालू असतां वीज गेली कीं एखादी फाइल अर्धवट राहते, आणि तिच्यावर विसंबणारे कार्यक्रम कोलमडतात. घरच्या माणसांचीं टिपणें व चित्रें मात्र बहुधा निराळ्या जागीं सुखरूप असतात. चोरखमाऱ्याच्या मुलांस तलावाची उपमा सहज पटेल. पाळ झिरपूं लागली म्हणून सारा तलाव रिता करा, असें कोणी म्हणत नाहीं. झिरपण्याची जागा शोधून तेवढीच बुजवितात.

ही जागा शोधण्याचें साधन विंडोज 98 पासून विंडोजमध्यें आहे. त्याचें नांव सिस्टिम फाइल चेकर. कमांड प्रॉम्प्ट ही खिडकी व्यवस्थापकाच्या अधिकारानें उघडावी, आणि ‘एसएफसी’ लिहून, एक मोकळी जागा व तिरपी रेघ देऊन, पुढें ‘स्कॅननाऊ’ लिहावें. मग तें साधन संरक्षित फाइली एकेक करून तपासतें, आणि बिघडलेलीच्या जागीं संगणकांतीलच भांडारांतून चांगली प्रत आणून ठेवतें. कधीं कधीं हें भांडारच नासलेलें असतें. तेव्हां डीआयएसएम नांवाचें दुसरें साधन कामीं येतें. 2012 सालच्या विंडोज 8 पासून त्यास ‘रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा समजते, व तें इंटरनेटवरून निर्दोष फाइली आणून भांडार भरून काढतें. त्यानंतर पहिली आज्ञा पुन्हां द्यावयाची. ह्यांत पैसा लागत नाहीं. वेळ मात्र लागतो.

19 जुलै 2024 रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-कार्यक्रमाच्या एका सदोष फाइलीनें मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्या देशांतही कांहीं विमानतळांवर उतारूंस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय सांगितला गेला? संगणक सेफ मोडमध्यें सुरू करून ती फाइल काढून टाका, आणि पुन्हां चालू करा. एवढ्या मोठ्या संकटांतही सरसकट सर्व पुसून टाकण्याचा सल्ला कोणी दिला नाहीं.

दुकानदारांची बाजूही आम्ही जाणतों. फॉरमॅटला किती वेळ लागेल हें ठाऊक असतें. दुरुस्तीचें तसें नाहीं, आणि गिऱ्हाइक तर दारांत उभें. शिवाय व्हायरस सर्वत्र पसरला असेल, तर पुसणेंच बरें. डिस्क स्वतःच मरणपंथास लागली असेल, तर आज्ञांचा उपयोग नाहीं. ती बदलावीच लागते. आमचा आक्षेप आहे तो न पाहतां पुसण्यास, आणि पुसण्यापूर्वीं गिऱ्हाइकास "नकल काढली काय?" असें न विचारण्यास.

एका शनिवारीं आम्ही चोरखमाऱ्यास गेलों. प्रथम सर्व कागदांची बाहेरच्या डिस्कवर नकल काढली. हें सोडून पुढें जाणें आम्हांस केव्हांही मान्य नाहीं. पहिल्या तपासणींत "कांहीं फाइली दुरुस्त करतां आल्या नाहींत" असें उत्तर आलें, तेव्हां घरच्यांचे चेहरे उतरले. मग मोबाइलच्या इंटरनेटवर दुसरें साधन लावलें. जंगलाकांठचें गांव; इंटरनेटची गति अशी कीं सायंकाळ झाली. दुसऱ्या तपासणींत मात्र सर्व फाइली दुरुस्त झाल्या. टिपणें उघडलीं, कागद उघडले. लग्नाचें एक चित्र तेवढें अर्धेंच उघडतें. त्यास इलाज सांपडला नाहीं.

वडिलांनीं पुढें यूपीएस आणिला. मुलानें दोन्ही आज्ञा वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतल्या आहेत. ज्यांस हव्या असतील त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावें, व येतांना नकलेसाठीं एक रिकामा पेन ड्राइव्ह आणावा.