चाळीस घोड्यांचा संसार

जगातल्या सर्वश्रेष्ठ मोटार-इंजिनांची यादी करायला बसणाऱ्या माणसाला एक अट घालावी, असं माझं फार दिवसांचं मत आहे. त्यानं आयुष्यात एकदा तरी भर उन्हात, बायकामुलांसह, घाटात गाडीचं बॉनेट उघडून उभं राहिलेलं असावं. ही अट लावली, की निम्म्या याद्या जागच्या जागी रद्द होतील.

आमच्या शाखेतले कॅशियर अशा याद्यांचे मोठे भोक्ते. स्वतः स्टेशनपर्यंत शेअर रिक्षानं जातात, पण बोलणं बाराच्या खाली नाही. बारा म्हणजे सिलिंडर! त्यांचं कुलदैवत म्हणजे जोआकिनो कोलंबो यांनी आखलेलं, १९४७ सालच्या फेरारी १२५ एसमधलं इंजिन. आकारमान १४९७ सी.सी. आता गंमत बघा. आपल्या ॲम्बॅसडरमधलं, मूळच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, चार सिलिंडरचं इंजिन भरतं १४८९ सी.सी. फरक आठ सी.सी.चा, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे दीड चमचे! जेवढ्या जागेत इंग्रजांनी चार बिऱ्हाडं ऐसपैस वसवली, तेवढ्यात इटालियनांनी बारा कोंबली. शर्यतीत त्याचा उपयोग होतो, हे मला ठाऊक आहे. चाळीतसुद्धा सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा बाराही बिऱ्हाडं शर्यतीतच असतात. पण म्हणून कोणी चाळीला राजवाडा म्हणत नाही.

त्यांचं दुसरं दैवत बुगाटी वेरॉन. साल २००५, सोळा सिलिंडर, चार टर्बो, १००१ अश्वशक्ती. आणि हा सगळा ताप निववायला गाडीत दहा रेडिएटर! एकाचा पारा चढू नये म्हणून दहा जण पंखे घेऊन उभे, अशा माणसाला आमच्याकडे थोर म्हणत नाहीत, जावई म्हणतात.

माझा उमेदवार साधा आहे. १०८९ सी.सी., चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. जन्म १९३७, इटलीत, फियाटच्या घरी. १९६४ पासून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून हे घराणं ११०० डी म्हणून बाहेर पडू लागलं, पुढे पद्मिनी झालं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा मूळ आराखड्याचं वय होतं शहाऐंशी. आम्हाला बँक साठाव्या वर्षी नारळ देते.

ताकद म्हणाल तर चाळिसेक घोड्यांची. पण चाळीसही घोडे गरीब स्वभावाचे. कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे पेट्रोल जरा हलकं मिळालं तरी कुरकुर नाही. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकच्या कुशीत, तिथून दांड्या वर जाऊन व्हॉल्व्ह उघडणार. टॅपेट वाजायला लागले, तर पाना आणि फीलर गेज घेऊन तासाभरात गप्प करता येत. पॉइंट काळे पडले, तर पॉलिश पेपरच्या तुकड्यानं घासायचे. सिलिंडर झिजले, तर बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालायचा, आणि पुन्हा संसार सुरू. नाक्यावरचा मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून सांगायचा, "तिसऱ्यात गडबड आहे." हे ज्ञान त्याला कोणत्याही कॉलेजानं दिलं नव्हतं, इंजिनानं दिलं होतं. आपल्यावर शिकू देणारं इंजिन, हेच माझ्या लेखी थोर इंजिन! कॅशियरांच्या बारा सिलिंडरवर आपल्याकडे कोणाचं पोट भरलं? इथे या चार सिलिंडरवर टॅक्सीवाल्यांची आणि मिस्त्र्यांची घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्यातली काही आमच्या काउंटरवर शिक्षणकर्जासाठीही आली असतील.

"आणि धूर?" असं कॅशियर विचारतात. मान्य. ती जुनी इंजिनं धूर सोडत, आणि आजची कमी पेट्रोलात जास्त जातात. कॉमर्सचा माणूस जमाखर्च नाकारत नाही. पण धूर कमी करायचा म्हणजे इंजिनाला कुलूपच घालावं लागतं, हे कोणी सांगितलं? मारुती ८०० बघा. डिसेंबर १९८३ मध्ये आली, ७९६ सी.सी., तीनच सिलिंडर. २००० सालच्या सुमारास तिचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, धूर कमी झाला, तरीही गल्लीतला पोरगा तिला हात लावू शकत होता. २०१४ मध्ये बंद होईपर्यंत लावत होता. म्हणजे अडचण कायद्याची नाही, नियतीची आहे. गिऱ्हाइकानं आणि मिस्त्रीनं आत डोकावू नये, अशी कोणाची तरी इच्छा आहे. नाहीतर वीस रुपयांच्या रबरी वॉशरसाठी अख्खी "असेंब्ली" का बदलायची? आमच्याकडे पासबुकातली एक नोंद चुकली म्हणून खातेदाराला नवीन खातं उघडायला लावलं, तर तो काउंटर फोडेल.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीत एक पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरात एका नीटनेटक्या मुलानं स्टिअरिंगखाली वायर जोडली, पडद्यावर बघितलं, सेन्सर बदलायला सांगितलं आणि बिल छापलं. बॉनेट उघडलं तेव्हा आत टेबलासारखं सपाट काळं प्लास्टिक. मी विचारलं, "इंजिन कुठंय?"

"खाली आहे, काका," तो म्हणाला. "मीही अजून बघितलं नाही."