रंगांची हद्दबंदी

अलीकडे पेढीचे बोधचिन्ह असो, वधूचा शालू असो की दिवाणखान्याची सजावट असो, माणिक, पाचू आणि नीलम या तीन रत्नांच्या गडद छटा एकत्र योजण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, ही त्रयी पदरी असली म्हणजे वैभव आपसूक हजर होते, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. वस्तुतः हे तिन्ही रंग स्वभावतःच सत्ताधीश असल्यामुळे त्यांना समसमान मुखत्यारी दिली की प्रत्येक जण दुसऱ्याचा अंमल झुगारू पाहतो. तेव्हा रंग निवडणे त्या मानाने सोपे, त्यांच्या हद्दी आखणे अवघड.

हा कारभार शिकण्याजोगे एक ठिकाण चेन्नईहून जवळच्याच कोवलमला जाताना वाटेतच आहे. खाडीवरचा पूल येण्याआधी, मुट्टुकाड येथे, १९९६ साली खुले झालेले ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय लागते. दक्षिणेकडील जुनी घरे मूळ जागेवरून उतरवून तेथे पुन्हा उभारलेली असून त्यांत कांचीपुरमच्या एका रेशीम-विणकराचेही घर आहे. कोवलमच्या किनाऱ्याला निघालेला मी पुष्कळदा या घराशीच अडतो. कारण अंगाला लाखेचा तांबडा ‘अरक्कु’, काठाला पाचूचा हिरवा आणि पदराला गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नावाने प्रसिद्धी पावलेला ‘एमएस’ निळा, असे तीन मानी रंग एकाच वस्त्रात नांदवण्याची विद्या कांचीपुरमच्या मागांनी सिद्ध केली आहे.

आडवा तांबडा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावू दिला, तर काठाच्या हिरव्या ताण्यात मिसळून तो दोन्ही रंगांचे तेज घालवतो. म्हणून ‘कोरवै’ विणकामात तीन धोटे चालतात, एक अंगाचा आणि दोन दोहों काठांचे. विणकराशेजारी बसलेला मदतनीस काठाचा धोटा सांभाळतो आणि प्रत्येक फेरीला अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून सरहद्द कायम केली जाते. आपल्या विदर्भातील करवतकाठी साडीचा दातेरी काठही याच तीन धोट्यांच्या रीतीने विणला जातो. यात श्रम वाढतात, माणूस एक अधिक लागतो, परंतु हिरवा हिरवाच राहतो. शिवाय वाटणी बुद्ध्याच विषम असते: अंगाला विस्तार, काठाला चिंचोळी पट्टी, पदराला अखेरचा हिस्सा, आणि कोणाचाच पक्ष न घेणारी जर मध्यस्थ.

तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या अमदानीत (१७९८–१८३२) बहरलेल्या चित्रशैलीतही हीच तजवीज दिसते. तेथे तांबड्या, हिरव्या वा निळ्या रंगांचे गडद पट परस्परांना क्वचितच थेट भिडतात. उठावदार कामावर चढवलेला सुवर्णपत्रा प्रभावळीच्या, दागिन्यांच्या आणि महिरपीच्या रूपाने त्यांच्यामध्ये उभा राहतो.

युरोपात या अनुभवाचे शास्त्र झाले ते तक्रारीतून. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यातील रंगखात्याचे प्रमुख मिशेल शेव्हरूल यांच्याकडे काही सुताचा काळा रंग फिका पडतो असे गाऱ्हाणे आले, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे, हे त्यांनी ओळखले आणि १८३९ साली आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला.

आधुनिक व्यापारचिन्हांतही ज्यांना हे मर्म उमगले त्यांची योजना टिकाऊ वाटते. एअर इंडियाने २०२३ साली गडद तांबडा, वांगी आणि सोनेरी हे रंग स्वीकारले. विमानाचे अंग मात्र बव्हंशी पांढरेच राहू दिले, त्यामुळे शेपटीवर एकवटलेली ती रंगत दुरूनही ओळखू येते. उलट तीन रत्नरंगांचे समान पट्टे मांडलेली कित्येक दुकानांची पाटी पाहताना नाव वाचण्याआधीच डोळा थकतो.

म्हणून एखादा हौशी पेढीवाला हे तीन रंग घेऊन दारी आला, तर आरेखनकाराने त्याला प्रथम विचारावे, यांतला धनी कोण, वतनदार कोण आणि केवळ सणावारी हजेरी लावणारा कोण? त्याचा जबाब मिळेपर्यंत रंगाच्या डब्याचे झाकण उघडू नये.