गल्ल्यापाशी सुरू होणारा समुद्र

समुद्र कुणाचे काही ठेवून घेत नाही, असे जुनी माणसे म्हणत. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीनंतर मुंबईच्या किनाऱ्यावर जावे, प्रचीती येते. पिशव्या, बाटल्या, वेफर्सची रिकामी पाकिटे, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे... आपण विसरलेले सारे तो इमानेइतबारे परत आणून ठेवतो. आणि रविवारी सकाळी, आपण चहाचा दुसरा कप घेत पुरवणी चाळत असतो तेव्हा, कॉलेजातली मुले-मुली ते वाकून उचलत असतात.

या मुलांची आता नवलाई राहिलेली नाही. वर्सोव्याला २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन सफाई सुरू केली आणि पाहता पाहता हजारो हात मदतीला आले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे सरपटत गेली. दादरला ‘बीच प्लीज’च्या तरुण मंडळींनी २०१७ मध्ये असेच काम हाती घेतले. कौतुक होते, फोटो छापून येतात. पण पुढच्या भरतीला किनारा पुन्हा भरतो. होडीचे भोक तसेच ठेवून पाणी उपसत बसावे, तसे हे झाले.

मग भोक आहे कुठे? माझ्या मते ते कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यापाशी आहे. तिथे हाती पडलेली पिशवी घरी पोचेपर्यंत कामाची. मग गटार, नाला, मिठी नदी, माहीमची खाडी. समुद्रात ती नाहीशी होत नाही. उन्हाने, लाटांनी तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, कण मासळीच्या पोटात जातात. उरते ते कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर वर येते.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने हे ओळखले. चौपाटी साफ करणारी मुले त्याच्याकडे वर्गणी मागायला आली होती. त्याने हातमोजे दिले, गोणपाट दिले, पिण्याच्या पाण्याचा मोठा जार आणि स्टीलचे पेले दिले. वर्गणीच्या बदल्यात टी-शर्टवर दुकानाचे नाव छापू, असे मुले म्हणाली. त्याने उलट त्यांनाच काम सांगितले : घरोघरच्या जुन्या साड्या आणा, पिशव्या शिवून घेऊ. आता गल्ल्याशेजारच्या टोपलीत त्या पिशव्या असतात. दहा रुपये ठेवायचे, पिशवी न्यायची. परत आणली की पैसे परत.

ऐकायला गोड वाटते. पण परवा तो म्हणाला, ‘‘साहेब, चार-पाच घरांनी उधारीची वही मिटवली आणि पलीकडच्या दुकानात जायला लागली. म्हणतात, एक पिशवी द्यायला याच्या पोटात दुखतं!’’ मी गप्प राहिलो. आदल्याच दिवशी कोथिंबिरीची जुडी मी पातळ पिशवीतून घरी नेली होती.

इंडोनेशियातल्या बाली बेटावर २०१३ मध्ये मेलाती आणि इझाबेल वाइसेन या बारा आणि दहा वर्षांच्या बहिणींनी पिशव्यांविरुद्ध मोहीम उघडली. भारतभेटीत गांधीजींचे एक निवासस्थान पाहून त्यांना उपोषणाची कल्पना सुचली. सूर्योदय ते सूर्यास्त उपवास सुरू करताच गव्हर्नरांनी त्यांना भेटीला बोलावले. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. बंदीची वाट न पाहता या मुली दुकानदारांकडे गेल्या. पिशवी न देणाऱ्या दुकानांच्या दारावर लावायला त्यांनी स्टिकर दिले. एकट्या दुकानदाराने पिशवी नाकारली तर तो कंजूष ठरतो. ओळीने सगळ्यांनी नाकारली तर ती गावाची रीत होते. कायदा प्रत्यक्ष लागू झाला २०१९ मध्ये.

आपल्याकडे कायदा त्याआधीच, २०१८ मध्ये झाला. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद. तरी पिशव्या आहेतच. कारण दंडाची भीती कधीमधी येते, गिऱ्हाईक तुटण्याची भीती रोजची असते.

लहान दुकानदारावर सारे ढकलावे, असे मला म्हणायचे नाही. दुकानात लटकणाऱ्या पाकिटांच्या माळा तो बनवत नाही. ती जबाबदारी मोठ्या कंपन्यांची आहे, नियमांनीही ती त्यांच्यावर टाकली आहे, आणि ती वसूल झालीच पाहिजे. पण सुट्या डाळीची कागदी पुडी, तेलासाठी घरची बरणी, खांद्यावरची कापडी पिशवी यांना कुठल्या कंपनीची परवानगी लागते? आपल्या आयांनी आयुष्यभर तसाच बाजार केला.

तेव्हा मुलांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारण्यापूर्वी एवढे करू. त्यांना साथ देणारा दुकानदार आपल्या गल्लीत असेल, तर त्याची उधारीची वही मिटवू नये. नसेल, तर पिशवी घरून नेऊन आपणच त्याला धीर द्यावा. मुले किनाऱ्यावर वाकतात, दुकानदार तोटा सोसतो. आपल्याला फक्त घरून निघताना खुंटीवरची पिशवी आठवायची आहे. मी ती कालपासून चपलांच्या शेजारी टांगली आहे.