पडद्याआडचा गृहस्थ

हाताने रंगवलेल्या प्रतिकृती विकणाऱ्यांच्या सूचीत 'दृक्प्रत्ययवादी नर्तकी' असा एक कप्पा हमखास असतो, आणि तो जवळजवळ सबंध एकाच माणसाच्या नावावर चालतो : एदगार देगा (१८३४–१९१७). स्वतः देगाला 'दृक्प्रत्ययवादी' हे बिरुद कधीच रुचले नाही, तो स्वतःला वास्तववादी म्हणवून घेई; पण सूचीकारांना त्याचे काय! कॅनव्हासवर तैलरंग, भिंतीला साजेल ते माप, आणि 'शंभर टक्के हाताने रंगवलेले' अशी ग्वाही.

या व्यवसायाकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे. साहित्याच्या वर्गांत त्यासाठी वॉल्टर बेन्यामिनला साक्षीला बोलावण्याची प्रथाही आहे. पण १९३०च्या दशकातल्या त्याच्या त्या प्रसिद्ध निबंधाचा रोख यांत्रिक पुनरुत्पादनावर आहे. हाताने केलेल्या नकलेपुढे मूळ कृतीचा अधिकार अबाधित राहतो, असे तो तिथे स्पष्ट नोंदवतो. तेव्हा ही साक्ष इथे उपयोगाची नाही; प्रश्न दुसरीकडे शोधायला हवा.

नक्कल करणे देगालाही परके नव्हते. १८५३ साली त्याने लूव्हरमध्ये नक्कलकार म्हणून नाव नोंदवले आणि पुढे कित्येक वर्षे पूर्वसूरींच्या कृतींसमोर बसून तो हात घासत राहिला. पूसँच्या एका मोठ्या चित्राची त्याने केलेली प्रत प्रसिद्ध आहे. माने आणि तो भेटले तेही, सांगतात, लूव्हरमध्येच, देगा वेलास्केथच्या चित्रावरून काम करीत असताना. एवढेच नव्हे, आपल्याच नर्तकींच्या आकृती पारदर्शक कागदावर उतरवून, कधी उलट्या करून, तो नव्या चित्रांत पुन्हा वापरी. नक्कल ही त्याच्या लेखी वाचनाचीच एक रीत होती. आपल्याकडे एखादा कवी दुसऱ्या कवीचा अनुवाद करता करता त्याला वाचतो, तशी. आमची तक्रार आहे ती याच वाचनाविषयी.

'तारका' (सुमारे १८७६) हे उदाहरण घेऊ. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ते मोनोटाइपच्या छापावर पेस्टलने केलेले, जेमतेम ५८ बाय ४२ सेंटिमीटरचे. आपण जणू वरच्या सज्जातून पाहतो आहोत. खाली उजवीकडे एका पायावर तोललेली, प्रकाशाने न्हालेली नर्तकी, आणि डावीकडे बराचसा मोकळा रंगमंच. एवढ्यावर थांबले तर चित्र गोड आहे, आणि बहुतेक प्रतींचे गिऱ्हाईक एवढ्यावरच थांबते. पण मागे, नेपथ्याच्या फळ्यांआड, काळ्या पोशाखातला एक पुरुष उभा आहे. त्याचा चेहरा नेपथ्याने झाकलेला आहे. दिसतात ते पाय आणि धड. हा वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांपैकी. या श्रीमंत वर्गणीदारांना ऑपेरात पडद्यामागे आणि नर्तकींच्या विश्रामगृहात मुक्त प्रवेश असे, आणि तिथे कोणते व्यवहार ठरत हे त्या काळच्या पॅरिसला ठाऊक होते. देगाने त्याच्यावर भाष्य केलेले नाही, त्याला फक्त तिथे उभा ठेवला आहे. तेवढ्याने नर्तकीच्या हसऱ्या तोलाचा अर्थ बदलतो.

प्रत करताना चौकट आवळून नर्तकी मधोमध आणली, पार्श्वभूमी 'मऊ' केली, की हा गृहस्थ पहिल्यांदा नाहीसा होतो. त्याच्यासोबत तो रिकामा रंगमंचही जातो, आणि उरते शयनगृहात लावण्याजोगी एक मुलगी. ही चूक हाताची नाही. एखाद्या कवितेचा अनुवाद करताना अडचणीचे कडवेच वगळावे, तसा हा प्रकार आहे.

माध्यमाचे नुकसान त्यामानाने किरकोळ म्हणायचे, तरी नोंदवले पाहिजे. पेस्टलची भुकटी थरावर थर बसवून देगा जी खरखरीत, धुरकट झळाळी आणतो, ती तेलात घोळली की लोण्यासारखी होते.

आणि मूळ म्हणजे तरी काय? 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' हे मेणाचे शिल्प देगाने १८८१ साली काचेच्या पेटीत मांडले. खरा कापडी झगा, केसांना खरी फीत. ती मुलगी म्हणजे मारी व्हान गोएटेम, एका धोबिणीची लेक, ऑपेराच्या नृत्यशाळेतली शिकाऊ. अशा मुलींना तिथे 'छोटे उंदीर' म्हणत. समीक्षकांनी तिला कुरूप, पशुवत ठरवले. पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला काढून टाकले. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसतात ती तिची ब्राँझ रूपे देगाच्या मृत्यूनंतर ओतलेली. मेणाची मूळ मूर्ती वॉशिंग्टनमध्ये आहे. म्हणजे संग्रहालयांतली 'छोटी नर्तकी'ही बहुतेक ठिकाणी प्रतच आहे. पण ती हनुवटी उचललेली, डोळे अर्धे मिटलेली, थकलेली मुलगी त्या प्रतींत तशीच राहिली आहे, कुणी तिला गोंडस करून घेतलेले नाही.

राहिला तो रंगवणारा हात. या व्यवसायाचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र म्हणजे चीनमधील शेन्झेनजवळचे दाफेन. हाँगकाँगच्या ह्वांग ज्यांग यांनी १९८९ साली तिथे हे काम सुरू केले आणि पुढे हजारो चित्रकार त्यात आले. तिथे पट्ट्यावर चित्रे तयार होतात, एक जण आकाश रंगवतो, दुसरा झाड, अशी वर्णने आपण वाचतो. विनी वाँग यांनी २०१३च्या आपल्या पुस्तकात ती बरीचशी खोडून काढली आहेत : बहुतेक चित्र एकच माणूस पुरे करतो. २०१६च्या 'चायनाज व्हॅन गॉग्ज' या माहितीपटात असाच एक नक्कलकार अ‍ॅमस्टरडॅमला जातो, मूळ चित्रांसमोर उभा राहतो, आणि आपली चित्रे तिथल्या आठवणवस्तूंच्या दुकानात किती पट किमतीला विकली जातात हेही पाहतो. देगाच्या नर्तकींना त्याच्याइतके जवळून ओळखणारे फार थोडे असतील. पायाच्या चवड्यावर तासन्‌तास उभी राहणारी ती पोर आणि नगावर मोबदला घेणारा हा माणूस, दोघांच्याही अंगमेहनतीवर शेवटी मऊ गुलाबी रंगाचा हात फिरतो.

काळ्या पोशाखातला गृहस्थ रंगवणे या माणसाला मुळीच अवघड नाही. कुंचल्याचे चारदोन फटकारे पुरतात. ते मारायचे की नाही, हे मात्र मागणी नोंदवतानाच ठरून गेलेले असते.