घर कोणाचें, रणांगण कोणाचें?

२८ जानेवारी २०२४ रोजीं जॉर्डनमधील ‘टॉवर २२’ या अमेरिकन ठाण्यावर, इराकमधील इराणपुरस्कृत टोळ्यांनीं सोडलेलें ड्रोन आदळून तीन सैनिक ठार झाले. २ फेब्रुवारीस अमेरिकेनें इराक व सीरियांतील ८५ हून अधिक लक्ष्यांवर मारा केला; इराकी सरकारच्या सांगण्याप्रमाणें त्यांच्या भूमीवर १६ जण मेले, त्यांत नागरिकही होते. एकास इराकच्या स्वातंत्र्याचा कैवार, दुसऱ्यास इराकच्या निमंत्रणाचा आधार. पण शस्त्र उचलतांना बगदादची संमति कोणीं घेतली? दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ, असें म्हण सांगते. येथें तिसऱ्याच्या वांट्यास प्रेतें येतात. यास कोणी शौर्य म्हणो, कोणी न्याय म्हणो. आम्ही यास उभयपक्षीं अरेरावीच म्हणतों.